बाई, त्या अकरा जणी आल्या होत्या

प्रिय बाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. मुख्याध्यापिका म्हणून पहिलं भाषण माझंच होतं. दहा मिनिटं बोलले. तुम्ही एकतीस वर्षं इतिहास शिकवलात, चाळिशी उलटल्यावर शब्दकोश हाताशी धरून स्पॅनिश शिकलात, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांवर मराठीत पुस्तक लिहीत होतात, हे सगळं सांगितलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं, तरी मागं कुणीतरी वाजवल्याच.

एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या जुलैत तुम्हाला फाटकातून आत सोडू नका, असं सांगणारी मीच होते.

हॉलच्या दाराशी अंबूमावशी उभ्या होत्या. तुम्हाला फाटकावरून परत पाठवायचं काम मी ज्यांच्यावर टाकलं, त्याच आपल्या शिपाई मावशी. माझं भाषण संपेपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर हलवली नाही. म्हणून आज रविवारी दुपारी हे लिहायला बसले आहे. माइकवर जे बोलता आलं नाही ते निदान तुम्हाला तरी सांगावं. पण त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच होतं, नाही का?

वडील गेल्यावर अव्वा मला घेऊन मैंदर्गीहून सोलापुरात मामाकडं आली आणि मी आठवीला तुमच्या वर्गात दाखल झाले. आमच्या घरात कानडी. माझं मराठी ऐकून मुली हसायच्या, म्हणून मी वर्गात तोंडच उघडत नसे. त्या दिवशी धडा होता स्पेननं अमेरिका जिंकल्याचा. पुस्तकात जेमतेम आठ ओळी होत्या. स्पॅनिश आले, मेक्सिकोतलं आणि पेरूतलं राज्य बुडवलं, सोनं नेलं. तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवलंत.

"राजा मेला. पण त्याचे सरदार, गावोगावचे प्रमुख, कारभारी, तेही सगळे त्याच दिवशी मेले का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी काय केलं?"

मग तुम्हीच सांगितलंत. त्यांनी नवा धर्म घेतला. नावाआधी 'दॉन' लावायला सुरुवात केली. घोड्यावर बसायची, कमरेला तलवार लावायची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केले. पोरांना पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन शिकायला घातलं. आणि नव्या राजाचा कर आपल्याच लोकांकडून गोळा करून दिला.

"लाचार होते की, बाई." हे मी बोलले. त्या वर्गातलं माझं पहिलं वाक्य.

मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "असतील. पण गावाची जमीन परत मिळावी म्हणून त्यांच्यातलेच काही जण कोर्टाची पायरी चढले. नवी लिपी शिकले आणि आपल्या भाषेत थेट राजाला कागद लिहिले, की कर झेपत नाही, माणसं मरतायत. ते नसते तर हे कुणी केलं असतं? नागम्मा, घरी जाऊन विचार कर. तू त्यांच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी घरी जाऊन अव्वाला सांगितलं, मी असते तर लढून मेले असते. अव्वा भाकरी थापत होती. "आधी जेव," म्हणाली.

पुढं मी त्याच शाळेत तुमच्या हाताखाली शिक्षिका म्हणून लागले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण दोघी ग्रंथालयाच्या खोलीत बसायचो. कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि दही घेऊन खायचो आणि मग तुमचं काम सुरू व्हायचं. मी संगणकावर जुन्या कागदांची छायाचित्रं शोधून द्यायची, तुम्ही भिंग लावून एकेक ओळ सोडवायची. एका शब्दासाठी तासभर जायचा. मला कंटाळा यायचा, बाई. तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज वाटतं, अजून एक शनिवार मिळाला तर एका अक्षरासाठीसुद्धा दिवसभर बसेन.

तुमचा जीव अडकला होता पेरूच्या डोंगरातल्या कुराकांमध्ये. कुराका म्हणजे तिथला गावप्रमुख, आपल्याकडच्या वतनदार पाटलासारखा. जिंकणाऱ्यांना चांदीच्या खाणीत माणसं हवी असायची आणि ती पाठवायची जबाबदारी कुराकाची. कमी पाठवली तर त्याला कोठडी, पाठवली तर गावाचा तळतळाट. काही जणांनी त्यातच आपलं घर भरून घेतलं. काहींनी शिरगणतीला आलेल्या अधिकाऱ्यापासून माणसं लपवली. तुम्ही म्हणायचात, पुष्कळदा ही दोन्ही कामं करणारा माणूस एकच असायचा.

"मग त्याला चांगला म्हणायचं का वाईट?" मी एकदा वैतागून विचारलं.

"त्याच्या सहीनं कुणाचं ओझं कमी झालं आणि कुणाचं वाढलं, तेवढं बघायचं," तुम्ही म्हणालात आणि डोळ्यावरचा चष्मा सरळ करून पुन्हा कागदात शिरलात.

तुम्ही निवृत्त झालात तरी शनिवार सुटला नाही. जुन्या संस्थेच्या मंडळींनी तुम्हाला ग्रंथालयाची किल्लीच देऊन ठेवली होती. मग ती मंडळी थकली आणि शाळा नव्या लोकांच्या ताब्यात गेली. त्यांनी मला मुख्याध्यापिका केलं. मी पेढे घेऊन तुमच्याकडं आले होते, आठवतं? माझ्या केबिनला एसी बसवलाय, हे मी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं गं. आपल्याकडचा उन्हाळा काही साधा नाही."

नव्या लोकांना इंग्रजी शाळा हवी होती. तसं ते स्पष्ट बोलत नसत. "हळूहळू," एवढाच शब्द. हळूहळू फलक बदलला, प्रार्थना बदलली, आम्हा शिक्षिकांना एकसारख्या साड्या आल्या. मी प्रत्येक वेळी वाद घातला आणि प्रत्येक वेळी थोडं पदरात पाडून घेतलं. आत्ता शिकणाऱ्या मराठीच्या मुली दहावीपर्यंत इथंच शिकतील. मराठीच्या आठ शिक्षिकांपैकी कुणालाही काढणार नाहीत. हे मी मिळवलं, बाई. एकेक गोष्ट मिळवली की घरी येताना मला वाटायचं, बाईंना सांगितलं पाहिजे.

त्याच्या बदल्यात त्यांना माझ्याकडून एक पत्र हवं होतं. मराठी माध्यमाच्या पाचवीला यंदा मागणी नाही, असं शिक्षण खात्याला लिहायचं. म्हणजे पाचवी बंद करता आली असती.

आणि गेल्या जूनमध्ये पाचवीसाठी अकरा जणी आल्या होत्या. विडी कामगारांच्या घरकुलांतून आयांचा हात धरून, केसांना तेल लावून, चौथीचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्या माझ्या केबिनबाहेर बाकावर ओळीनं बसल्या होत्या. मी बाहेर आले आणि सांगितलं, "यंदा जागा नाही." एका आईनं विचारलं, "पुढच्या वर्षी, म्याडम?" मी म्हटलं, "बघू." त्या आठवड्यात मी पत्रावर सही केली.

तुमच्यापर्यंत ते कसं पोचलं हे मला नंतर कळलं. त्या आयांपैकी एकीची थोरली मुलगी तुमची विद्यार्थिनी होती. ती आईला घेऊन थेट तुमच्या घरी आली.

तुम्ही केबिनमध्ये आलात तेव्हा जिना चढून दम लागला होता. पाणी प्यालात. मग विचारलंत, "नागम्मा, अकरा जणी आल्या होत्या ना?"

"बाई, मी आतून वाचवतेय."

"कुणाला?"

"आठ शिक्षिका. दीडशे मुली. मी नसते तर पहिल्याच वर्षी सगळं बंद केलं असतं त्यांनी."

"ते खरं आहे," तुम्ही म्हणालात. "मी ते नाकारत नाही. पण मागणी नाही, असं कसं लिहिलंस? त्या तर बाहेर बाकावर बसल्या होत्या."

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली होती, आणि मला लाजेचा राग येतो, हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीचे तुमचे कुराका तुम्ही समजून घेता. त्यांच्यासाठी डोळे फोडून घेता. मला मात्र समजून घ्यायचं नाही?"

तुम्ही पाण्याचा ग्लास खाली ठेवलात. मग म्हणालात, "समजून घेतलं म्हणूनच विचारायला आले. नाहीतर घरीच बसून नाव ठेवलं असतं." आणि उठून गेलात. मी जिन्यापर्यंतही आले नाही.

चार दिवसांनी वरून विचारणा झाली, ग्रंथालयात बाहेरची माणसं का बसतात? मी सांगू शकले असते, की या शाळेत कुणाला बाहेरचं म्हणायचं असेल तर आधी त्या नव्या लोकांनी स्वतःपासून सुरुवात करावी. सांगितलं नाही. फाटकावर निरोप दिला आणि ग्रंथालयाचं कुलूप बदलून घेतलं.

त्या शनिवारी तुम्ही आलात. माझ्या केबिनच्या खिडकीतून फाटक दिसतं. खांद्यावर कागदांची पिशवी, हातात छत्री, आणि छत्री उघडलेली नव्हती. ऊन होतं. तुम्ही ती का उघडली नाहीत, बाई? आपल्याला आत्ता आत घेतीलच असं वाटत होतं का?

अंबूमावशी वर आल्या. "म्याडम, बाई आल्यात. उनात हुब्या हायत. आत घिऊ का?"

"मीटिंग आहे म्हणून सांगा."

मावशींनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं. "हितं तर कुणीच न्हाय की."

मी फाइल उघडली आणि वाचायचं नाटक केलं. त्या खाली गेल्या. पुन्हा खिडकीशी जायचं धाडस मला झालं नाही.

परवा सभा संपल्यावर मी मावशींना थांबवून विचारलं, त्या दिवशी बाई काय म्हणाल्या? आधी त्या सांगेनात. मग म्हणाल्या, "घोटभर पानी मागितलं. मी माज्या बाटलीतलं दिलं. आन म्हनल्या, नागम्माची तब्येत बरी हाय ना, लई वाळलीय ती."

बाई, तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं. फाटकात उभं राहून चारचौघांत माझा उद्धार करायला हवा होता. वर्गात वही विसरली तरी बाकावर उभं करायचात आणि त्या दिवशी तब्येत विचारून निघून गेलात? तुम्ही मला रागवायलाही जागा ठेवली नाहीत.

मग सहा महिने मी आज येते, उद्या येते करत राहिले. दिवाळीला फराळाचा डबा भरला होता. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तो डबा परत घेऊन गेले. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली होती, रस्ते बंद होते, त्याच आठवड्यात तुमच्या वहिनींचा फोन आला. रिक्षा लांबून फिरवून आणावी लागली. मी पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं.

वहिनी मला पाहून रडल्या. म्हणाल्या, "तू येशील असं रोज वाटायचं तिला. मी काही बोलायला गेले की म्हणायची, शाळेचं काम फार असतं तिला, उगाच बोल लावू नका." त्यांना फाटकाचं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

मग त्यांच्याकडूनच कळलं, की तुम्ही पावसाळाभर काय करत होतात. त्या अकरा जणींच्या घरोघर गेलात. महापालिकेच्या शाळेत बोलून आलात. सात जणींना तिथं दाखल केलंत, पहिल्या दिवशी स्वतः सोडायला गेलात. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलेली असताना. उरलेल्या चौघींच्या घरून ती शाळा हमरस्त्यापलीकडं पडते, घरची माणसं एकटीला पाठवेनात. तुम्ही त्यांच्याकडं तीनदा गेलात. चौथ्यांदा जायचं म्हणत होतात.

वहिनींनी तुमच्या पुस्तकाचे कागद दाखवले. शेवटचं लिहिलेलं प्रकरण मी तिथंच बसून वाचलं. जिंकल्यानंतर अडीचशे वर्षांनी पेरूत मोठं बंड झालं, एका कुराकानंच केलेलं. कुस्कोच्या जुन्या राजघराण्यातले बहुतेक सरदार मात्र स्पेनच्या राजाच्या बाजूनं उभे राहिले. बंड मोडलं. आणि मग राजाच्या माणसांनी या निष्ठावंतांच्याही पूर्वजांचा पोशाख घालायला बंदी केली, त्यांच्या भिंतीवरची पूर्वजांची चित्रं उतरवायला लावली, त्यांची भाषा मोडायला निघाले. तुम्ही कुणावर ताशेरा ओढलेला नाही. त्यांनी किती पिढ्या काय काय सांभाळलं तेही लिहिलंय. एवढंच म्हटलंय, की आपल्याला तरी यातून सोडतील असं त्यांना वाटलं होतं.

डिसेंबरमध्ये मला सांगण्यात आलंय, की जूनपासून इंग्रजी शाळेचा अनुभव असलेल्या नव्या प्राचार्या येतील आणि मी 'सल्लागार' असेन. आठांपैकी तीन शिक्षिकांना आत्ताच दुसरीकडं बघा म्हणून सांगितलंय. मला जे तोंडी कबूल केलं होतं ते सगळं तोंडीच राहिलं. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. खुर्ची राहिली असती तर मी हे पत्र लिहिलं असतं का, हे मला अजून ठाऊक नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते.

आज सकाळी अंबूमावशींना बरोबर घेऊन त्या चौघींपैकी एकीच्या घरी गेले. आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. शेजारी पोरगी पानं कातरत होती. तुम्ही पाहिलंय तिला. गोल चेहरा, पुढचा दात अर्धा तुटलेला. आईनं मला लगेच ओळखलं, उठली नाही, हातही थांबला नाही.

"आता जागा झाली काय, म्याडम?"

हा प्रश्न तिनं टोचून विचारला नव्हता. खरंच विचारला होता. तिचा तेव्हा माझ्यावर विश्वास बसला होता, बाई. जागा नाही म्हटल्यावर नसेल, असं तिनं धरलं होतं आणि पोरीच्या हातात कातर दिली होती.

मी म्हटलं, "जागा तेव्हाही होती."

तेव्हा तिचा हात थांबला. पोरीनं वर पाहिलं. अंबूमावशी दुसरीकडं बघू लागल्या.

"मग?" आई म्हणाली.

मी तिथं जमिनीवर बसले, थोड्या वेळानं उठले आणि घरी आले. तुम्ही असतात तर तुमच्याकडं आले असते.

आता वचन देते, बाई. उद्या अकरा वाजता शिक्षण खात्यात जाऊन लेखी देणार आहे, की माझं जूनचं पत्र खोटं होतं. अकरा मुली आल्या होत्या आणि मी त्यांना परत पाठवलं. त्यांची नावं लिहीन, सगळी. त्यानं पाचवी उघडेल की नाही, सांगता येत नाही. माझी नोकरी बहुधा जाईल. तोवर त्या चौघींना रोज सकाळी हमरस्ता ओलांडून मी सोडेन, आया पाठवतील तर. नाही पाठवल्या तर पुन्हा जाईन. तुमची चौथी खेप राहिली होती, ती मी करेन. पाचवी करेन. त्या बाईनं विचारलेल्या 'मग?' चं उत्तर मला तिच्याच उंबऱ्यात बसून द्यायचंय.

क्षमा मागत नाही. तुम्ही लगेच दिली असतीत, म्हणून मला मागवत नाही.

तुमची,
नागम्मा